‘हे’ नावाची फाइल

ये गो बाय, अशी जवळ ये. मुंबईत बसून वाचत असलीस तरी खुर्ची जरा पुढे ओढ, म्हणजे मला कान धरता येईल. परवा फोनवर काय बोललीस? ‘आजी, तुझ्याकडे जुन्या सीड्या पडल्या असतील ना गं? गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय. सीड्या टांगल्या की चमकतात, मग येत नाहीत म्हणे.’ पडल्या असतील म्हणे! पडलेल्या नाहीत त्या. स्टीलच्या डब्यात, मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवल्यात. आणि त्यातली एक आधीच टांगून झालेली आहे. तुझ्या सख्ख्या आजीने टांगली होती, वालाच्या शेतात. ती मी कशी शोधून आणली हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुझे बाबा सांगायचे नाहीत, ती गोष्ट निघाली की त्यांना चष्मा पुसावा लागतो. तेव्हा मीच सांगते.

महाडच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढे स्टुडिओ, मागे दोन खोल्यांचा संसार. तुझे धाकटे आजोबा, म्हणजे माझे हे, लग्नाचे फोटो काढायचे आणि मी अल्बम चिकटवायची. पुढे लोक म्हणायला लागले, अल्बम नको, सीडी द्या. मग ह्यांनी कॉम्प्युटर आणला, सीडी लिहिणारा, आणि त्याच्याबरोबर एक प्रोग्रॅम आला. फोटो, आवाज, गाणं सगळं एका सीडीत बांधायचं, सीडी मशीनमध्ये सरकवली की आपोआप सुरू व्हायला पाहिजे आणि बघणाऱ्याने जिथे क्लिक केलं ते दिसायला पाहिजे. ह्यांनी दोन दिवस त्याच्याशी झटापट केली आणि माउस माझ्या हातात दिला. ‘घे. तुला वाती वळायचा धीर आहे, तुला जमेल.’

मी सातवी शिकलेली. पण खरं सांगू, त्याला शिक्षणापेक्षा चिकाटी लागते. त्या प्रोग्रॅमला एक साधी मजकुराची फाइल लागायची, तिच्यात एका ओळीत एक हुकूम. हे चित्र दाखव. हा आवाज वाजव. संपेपर्यंत थांब. इथे क्लिक केलं तर तिकडे जा. हुकूम इंग्रजीत, म्हणून मी डिक्शनरी घेऊन एकेक शब्द वहीत उतरवून घेतला. स्वयंपाक करताना पाठ करायची. पहिल्यांदा सवच्या गरम पाण्याच्या कुंडांचे फोटो घेऊन सराव केला. ‘थांब’ लिहायला विसरले. मग काय, पडद्यावर कुंडातून वाफ निघतेय आणि आवाज येतोय पुढच्या चित्रातल्या बँडचा! हे हसून हसून खाली बसले. म्हणाले, ‘गरम पाण्याचं लगीन लागलं बघ.’

तेव्हापासून मी ‘थांब’ कधी विसरले नाही. दुसरीच चूक केली.

झालं असं, की तुझ्या बाबांनीच एक काम आणलं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आपली वाडी, तिथली निम्मी घरं तेव्हाही मुंबईत होती. त्या मुंबईकरांचं मंडळ आहे ना, त्यांच्या संमेलनात दाखवायला गावाची सीडी हवी होती. पडद्यावर वाडीचा नकाशा. देवळावर क्लिक केलं की देऊळ, पाणवठ्यावर केलं की पाणवठा, आणि प्रत्येक ठिकाणाबद्दल गावातल्याच माणसाने बोलायचं. बाबा म्हणाले, ‘काकी, खळ्याबद्दल आमच्या अण्णांनाच बोलायला सांग. त्यांचा आवाज ऐकला की सगळे गप बसतील.’

तुझ्या आजोबांचा आवाज! तू ऐकला नाहीस, म्हणून सांगते. ते शेतात असले आणि तुझी आजी समोरच्या उतारावर लाकडं गोळा करत असली, तर मधला अख्खा ओढा ओलांडून हाक जायची. आणि हाक कसली? नाव नाहीच. नुसतं ‘गोऽऽ’. तेवढ्यावर वाडीतली दुसरी एकही बाई मान वर करायची नाही. ती हाक कुणाची आणि कुणाला, हे सगळ्यांना माहीत.

त्या वर्षी भातकापणी झाल्यावर त्यांचा घसा धरला. जरा खवखव, पण जातच नव्हती. म्हणून दोघं डॉक्टरांना दाखवायला महाडला आमच्याकडे आली, दोन दिवस राहिली. मी म्हटलं, दादा, आलाच आहात तर बसा माइकसमोर. हे तेव्हा तुडीलला लग्नाच्या शूटिंगला गेले होते, त्यामुळे स्टुडिओ शांत होता.

तुझे आजोबा स्टुलावर बसले, दोन्ही हात मांडीवर, फोटोला बसल्यासारखे. आणि जे बोलले, काय सांगू! खळं कसं सारवायचं, भात कुठल्या बाजूने झोडायचं म्हणजे वारा आपल्या बाजूने राहतो, सगळं. मधेच घसा कोरडा पडला. सवयीने मान वळवली आणि मोठ्याने म्हणाले, ‘गोऽऽ, पाणी आण गोऽऽ!’ मागच्या खोलीतून तुझ्या आजीचं ‘आलेऽऽ’. माइकला काय, त्याने सगळं घेतलं. मी मनात म्हटलं, असू दे, हा तुकडा नंतर कापून टाकू.

रेकॉर्डिंग झालं आणि कॉम्प्युटरने विचारलं, फाइलचं नाव काय? नाव इंग्रजी अक्षरांत आणि लहान हवं, असा त्या प्रोग्रॅमचा दंडक. तुझी आजी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच उभी. मी तिला म्हटलं, ‘आक्का, काय नाव देऊ?’

ती लाजली गो! केस पिकलेले, आणि लाजली. ‘अगो, मी कसं घेऊ नाव? उखाणा घालायला सांगतेस की काय?’

‘मी तरी कसं घेऊ? थोरले दीर ते माझे.’

‘मग लिही... हे.’

आणि मी लिहिलं. एच, ई. तुझे आजोबा स्टुलावरून म्हणाले, ‘दोघींनी मिळून माझं बारसं केलं का? चांगलं हाय. पोस्टमनला पण सांगा.’

आमची पिढी तशीच, बाय. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. लग्नात, डोहाळजेवणाला उखाण्यात घेऊ, तेवढंच. एरवी ‘हे’ नाहीतर ‘आमचे हे’. रेशनच्या रांगेत कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारणीला कोपराने ढोसायचं, ती सांगायची. तिच्या नवऱ्याचं आपण सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मी नमुन्याची सीडी लिहिली. आमच्या मशीनवर झकास चालली. नकाशा आला, देवळाची घंटा, पाणवठ्याचं पाणी, आजोबांचं खळं. तुझी आजी टाळ्या वाजवत होती. मग ती सीडी घेऊन मी रस्त्यापलीकडच्या कॉम्प्युटर क्लासात गेले, म्हटलं दुसऱ्याच्या मशीनवर बघू. तिथे काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ, फाइल सापडत नाही.

क्लासातल्या सरांनी माझी हुकमांची फाइल उघडून बघितली आणि हसले. ‘काकू, तुम्ही सगळीकडे तुमच्या घरचा पत्ता लिहिलाय. तुमच्या मशीनमधलं कपाट, त्यातला खण, त्यातला डबा. माझ्याकडे ते कपाट कुठे आहे? सीडीला नुसतं सांगा, तू आहेस तिथेच शोध.’

म्हणजे फाइली सीडीत होत्या, जशाच्या तशा. फक्त शोधायला जायची वाट चुकीची. हे एवढं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मी वैतागून ती सीडी टेबलावर टाकली. तुझी आजी निघायची तयारी करत होती. तिने ती उचलली, उन्हात धरली, भिंतीवर इंद्रधनुष्य पडलं. ‘ही फुकट गेली ना? मग मी नेते. वाल आता भरायला लागलाय, पाखरं आणि माकडं ठेवत नाय. काठीला बांधते.’ मी म्हटलं, ने.

तिने स्वतःच्या पदरात बांधून नेली गो. काय नेतेय हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही.

मग मी सगळे पत्ते दुरुस्त करत बसले. दीडशे ओळी असतील. दरम्यान डॉक्टरांचा रिपोर्ट आला, आणि आजोबांना घेऊन तुझे बाबा तातडीने मुंबईला गेले. आजीही गेली. घशात गाठ आहे एवढंच आम्हाला कळलं होतं. गाठ काय, काढतील, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. संमेलन जवळ येत होतं. सीडीच्या सुरुवातीला ‘नमस्कार मंडळी’ म्हणायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी ह्यांना माइकसमोर बसवलं. ते बोलले, मी सेव्ह केलं. कॉम्प्युटरने नाव विचारलं. बोटांनी आपोआप टाइप केलं. एच, ई.

एक खिडकी उघडली. या नावाची फाइल आधीपासून आहे, बदलायची का?

आता तुला हसू येईल, हस. मला वाटलं, आधीपासून आहेतच की! बाहेर काउंटरवर बसलेत. तसल्या खिडक्या दिवसातून दहा वेळा यायच्या आणि मी दर वेळी ‘येस’ दाबायची, कारण ‘नो’ म्हटलं की काम अडायचं. दाबलं ‘येस’.

आठवड्याने तुझ्या बाबांचा फोन आला. आवाज अगदी सपाट. ‘काकी, ऑपरेशन झालं. अण्णा बरे आहेत. पण घशातली आवाजाची पेटीच काढावी लागली. आता बोलणं नाही.’ मग मधे काही खुडबुड झाली आणि तुझ्या आजीने फोन घेतला. ती रडत नव्हती. तिने एकच विचारलं. ‘गो, त्या सीडीत ह्यांचा आवाज हाय ना?’

‘हाय गो आक्का, अगदी नीट हाय.’

‘सांभाळ हां. आता तेवढाच हाय.’

फोन ठेवला आणि म्हटलं, आपण ऐकून तरी घेऊ. नकाशा उघडला. खळ्यावर क्लिक केलं. पिवळ्या भाताची रास पडद्यावर आली आणि माझ्या नवऱ्याचा आवाज म्हणाला, ‘नमस्कार मंडळी.’

मला वाटलं सीडीची सुरुवातच परत लागली. परत केलं. नमस्कार मंडळी. तिसऱ्यांदा केलं. तेच. हे आत आले, माझा चेहरा बघून विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यांनी माउस घेऊन स्वतः एकदा खळ्यावर क्लिक केलं.

‘म्हणजे मी माझ्या भावाला पुसलं?’

‘तुम्ही नाय. मी पुसलं.’

ते म्हणाले, ‘वहिनीला काय सांगायचं?’ आणि बाहेर जाऊन कॅमेऱ्याची भिंगं पुसायला लागले. आधीच स्वच्छ होती ती.

त्या दिवशी मी चहासुद्धा केला नाही. कॉम्प्युटरचा प्रत्येक कोपरा शोधला, कचऱ्याची पेटी शोधली. नाही. आणि दुपारी कपडे वाळत घालताना समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापडांवर कावळ्यांसाठी लावलेला चमचमता कागद हलला. माझ्या हातातलं लुगडं तसंच खाली पडलं. नमुन्याची सीडी! तिच्यात आवाज होता. पत्ता चुकीचा, पण फाइल सीडीतच. आणि ती फाइल ह्यांच्या ‘नमस्कार मंडळी’च्या आधीची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने पोलादपूर, तिथून जीप, तिथून पायी. सगळी वाट मनात हिशेब करत होते, तीन आठवडे उन्हात लटकलेली सीडी वाचता येते का? उन्हाने तिच्यातलं लिहिलेलं उडतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. घराला कुलूप. मी सरळ शेतात गेले. वाल मांडीपर्यंत आलेला, फुलं, शेंगा, दव. मधोमध काठी उभी. काठीला दोरा. दोऱ्याला काहीच नाही.

मी तिथेच बांधावर बसले. खोटं कशाला सांगू, बसूनच राहिले.

शेजारच्या शेतात एक म्हातारी शेंगा खुडत होती. तिने ओरडून विचारलं, ‘काय हरवलं गो?’ मी म्हटलं, ‘चकचकीत ताटली होती हितं.’ ती म्हणाली, ‘ती? ती चार दिस पण टिकली नाय. माकडाने वढली. घाबरवायला बांधलीन आणि तोच खेळायला आला!’

मग मी त्या वालात गुडघ्यावर बसून वेल बाजूला सारत गेले. काठीपासून सुरुवात केली आणि गोल गोल बाहेर. सहा-सात हातांवर, वेलांच्या गचपणात, ओल्या मातीत पालथी पडलेली सापडली. चार दिवस ऊन, बाकी सगळे दिवस सावली. बाय, त्या माकडाचे उपकार मी आजतागायत विसरले नाही. शनिवारी मारुतीला तेल घालताना एक पळी त्याच्या नावाने जास्त घालते.

सीडी पुसायची तर मधून बाहेर, सरळ पुसायची, ताटासारखी गोल कधी पुसू नये. मी ती आधी पाण्याने, मग मलमलने तशी पुसली. चरे होते. एक तर माकडाच्या नखाचाच असावा. मशीनमध्ये सरकवली. ती घरघरली, थांबली, परत घरघरली. फाइलींची नावं दिसली. घंटा, पाणवठा, आणि एच, ई. कॉपी करायला लावली. पट्टी अर्ध्यापर्यंत गेली आणि अडकली. चूक आली. परत. परत चूक. हे माझ्या खुर्चीमागे उभे. सातव्या का आठव्या वेळी पट्टी अडकली, थांबली, आणि एकदम शेवटापर्यंत गेली.

आम्ही ऐकलं. मधे एकदा खाट्‌ आवाज होतो, तेवढा चरा राहिला. बाकी सगळं जागच्या जागी. खळं, वारा, आणि ‘गोऽऽ, पाणी आण गोऽऽ!’ आणि लांबून ‘आलेऽऽ’. चूक झाली नसती तर मी तो तुकडा कापून टाकणार होते, गो. वहीत तशी खूण करून ठेवली होती.

मग नावाचा प्रश्न आला. आता ‘हे’ चालणार नव्हतं. मी आधी तुझ्या आजोबांचं नाव टाइप केलं, मनात क्षमा मागून. मग दुसऱ्या फाइलला, जन्मात पहिल्यांदा उखाण्याशिवाय, ह्यांचं. एकेक अक्षर शोधत. मागून हे म्हणाले, ‘घेतलंस की नाव!’

मी म्हटलं, ‘घेतलं नाय. टाइप केलं.’

महिन्याभराने तुझे आजोबा मुंबईहून घरी जाताना आमच्याकडे उतरले. गळ्याभोवती पांढरा रुमाल, खिशात छोटी पाटी. तेच स्टूल, तेच हात मांडीवर. तुझी आजी आत कोकमाचं सार उकळत होती. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं, माकडाचंही नाही. आजोबांनी पाटीवर लिहिलं, ‘लाव.’ मी खळ्यावर क्लिक केलं.

ते ऐकत होते. मान एका बाजूला, आपलं नाही, कुणा शहाण्या माणसाचं बोलणं ऐकावं तसे. आणि मग स्पीकरमधून हाक गेली, ‘गोऽऽ, पाणी आण गोऽऽ!’

आतून तुझी आजी म्हणाली, ‘आलेऽऽ!’

आतली आजी आणि सीडीतली आजी, दोघी एकदमच. आणि ती खरंच आली. हातात तांब्या. उंबऱ्यात आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. आजोबांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतात. रडत नव्हते, हसत होते. आवाज नाही, पण पोटापासून हसत होते. त्यांनी हात पुढे केला, तिच्याकडून तांब्या घेतला आणि अख्खा प्यायले.

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘सांभाळलंस गो.’

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पुसलं कसं, सापडलं कसं. ती रागावेल म्हणून वाट बघत होते. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘म्हणजे मीच पाखरांना घाबरवायला ह्यांना शेतात बांधलं होतं? बरोबर हाय. जन्मभर तेच तर करत व्हते ते.’

संमेलनात सीडी चालली. दुसऱ्याच्या मशीनवर, काही न अडता. लोकांनी खळं तीन वेळा लावायला लावलं असं तुझे बाबा म्हणाले. पुढची कितीतरी वर्षं आजोबा ताट वाजवून हाक मारायचे आणि तुझी आजी त्यालाही ‘आले’ म्हणायची.

आता ते नाहीत. माझे हेही नाहीत. स्टुडिओत दुसऱ्याचं मोबाइलचं दुकान आहे, चांगली माणसं आहेत, मला काकू म्हणतात. कॉम्प्युटर कधीच बंद पडला. सीडी आहे, पण चालवायला काही नाही. परवा शेजारच्या सुनेचा लॅपटॉप आणला, त्याच्या चारही बाजू बघितल्या, सीडी घालायला फटच नाही. आणि तुझी आजी वाडीवर, कान मंद झालेत, गेल्या खेपेला मला म्हणाली, ‘गो, ती हाक कशी व्हती, मधेच विसरायला होतंय.’

म्हणून सांगते. कबुतरांना मी तुला दहा कोऱ्या सीड्या देईन, त्यांना त्या चमकल्या म्हणजे झालं. तू बाहेरून जोडायचा तो सीडीचा ड्राइव्ह मिळतो म्हणतात ना, तेवढा घेऊन ये. फाइल आधी तुझ्या फोनमध्ये उतरवू, मग दोघी मिळून वाडीवर जाऊ आणि आजीच्या कानाशी धरू. उतरवताना कॉम्प्युटरने काही विचारलं तर ‘येस’ दाबायच्या आधी मला वाचून दाखव. मला हुकूम लिहिता येतात अजून, फट तेवढी तू आण. वाल भरायला लागलाय, बिरड्याला मोड मी काढून ठेवते. लवकर ये गो.